रेघेपर्यंत

गावाबाहेर नवा रस्ता झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला पडला. आता तिथे लोक सोयाबीन वाळत घालतात, नवशिके गाडी शिकतात. लांबलचक उतार संपून सपाटी लागली की थोडं पुढे, लिंबाच्या झाडाच्या अलीकडे, डांबरावर एक आडवी पांढरी रेघ दिसते. बरीच पुसट झाली आहे. कुणी म्हणतं मोजणीवाल्यांनी मारली, कुणी म्हणतं इथे अपघात झाला होता. मी ऐकून घेतो. ती रेघ भास्कररावांनी मारली होती आणि तेव्हा रंगाचा डबा माझ्या हातात होता. गेल्या पावसाळ्यात मेहकरला, मुलीच्या घरी, भास्करराव वारले.

ते आमचे शेजारी. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन देऊळगाव राजाला, आमच्याच गल्लीत, घर बांधून राहिले. पण आमची ओळख त्याच्या फार आधीची, आणि ती काही फारशी गोड नव्हती. माझं कापडाचं दुकान. एक दिवस हे गृहस्थ आले. गिऱ्हाईक समजून मी गादीवर बसायला सांगितलं, चहा मागवला. ते बसलेच नाहीत. माझा लोखंडी मीटर उचलला, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, हा वाकला."

"साहेब, वडलांच्या वेळचा आहे."

"म्हणून तं वाकला. दोष तुमचा नाही, पण माप तुमचं हाय."

चहा आला तो मलाच प्यावा लागला. पुढे शेजारी झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पुष्कळ चहा घेतला, पण दुकानात आले की नजर आधी मीटरवर जायची. बाजारात त्यांचा दराराच तसा होता. तराजूची दांडी दिसली की ते तिला एका बोटाने हलकासा धक्का द्यायचे आणि ती कशी डोलते, कुठे येऊन थांबते ते बघत उभे राहायचे. दांडी कुठे अडत असली तर दिसण्याआधी ती त्यांच्या बोटाला कळायची. आख्खा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा. तोंडावर नाही, अर्थात.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली आणि बाजारातल्या समस्त तराजूंचा जीव भांड्यात पडला. त्या गाडीत चपला घालून बसायची बंदी होती. दारातच चपला काढायच्या आणि आत अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवायच्या. साहेब स्वतः अनवाणी चालवायचे. "देव्हाऱ्यात जोडे घालून जाता का तुमी?" असं वर विचारायचे. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. त्यांची मुलगी सुषमा मेहकरला शिक्षिका आहे, स्वतःची गाडी रोज चालवते. तिला त्यांनी एकदाच बस स्टँडपर्यंत चालवू दिली आणि परत येऊन निकाल सांगितला, "तुहा पाय जड हाय."

"बाबा, मी रोज चालवते."

"रोज जडच चालवत असशील."

त्यांच्या लेखी सगळ्या जगाचाच पाय जड होता. सगळ्यात जड एसटीवाल्यांचा, आणि त्यांच्या खालोखाल माझा, मी कधी त्यांची गाडी चालवलेली नसताना. त्यांचं म्हणणं साधं होतं. पेट्रोल जाळून वेग घ्यायचा आणि ब्रेक मारून तो फुकट घालवायचा, याच्याएवढा उधळेपणा नाही. म्हणून ते कुठे थांबायचं असलं की फार लांबूनच पाय उचलायचे आणि गाडी आपली आपण मंदावत त्या जागेपर्यंत जायची. मागून एसटी हॉर्न मारून मारून कावायची. माझ्या दुकानापाशी त्यांची गाडी पायरीसमोर अलगद येऊन थांबली की तो दिवस चांगला जायचा. चार हात अलीकडे थांबली तर ते तेवढ्यासाठी पुन्हा पेट्रोल देत नसत. तिथेच उतरून उरलेलं अंतर चालत यायचे, आणि मग चहालासुद्धा चव नसायची.

"धरते," असं म्हणायचे. "कुठीतरी धरून राह्यली गाडी."

जुन्या रस्त्यावरची रेघ यातूनच आली. उताराच्या माथ्यावर एक दगड आहे. त्याच्याशी गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलला टाकायची आणि नुसती सोडून द्यायची. पाय ब्रेकच्या वर तयार ठेवायचा, पण टेकवायचा नाही. गाडी आपल्या वजनाने उतार उतरून सपाटीवर जिथे थांबेल तिथे रेघ. वैशाखातल्या भर दुपारी त्यांनी ती मारली. मी डबा धरून घामाघूम, आणि साहेब रस्त्यावर उकिडवे बसून ब्रश ओढताहेत. त्यानंतर दर रविवारी सकाळी त्यांची फेरी ठरलेली. लोक रविवारी देवाला जातात, आमचे साहेब रेघेला जायचे. गाडी रेघेपर्यंत आली की तिचं पोट, पाय, सांधे सगळं ठणठणीत आहे असा दाखला मिळाला.

मग एका हिवाळ्यात गाडी रेघेच्या अलीकडे थांबायला लागली.

पहिल्यांदा त्यांनी थंडीला दोष दिला. मग चाकांतली हवा तपासली. हवा नेमकी होती. मग रफिकच्या गॅरेजचे खेटे सुरू झाले. रफिकचा हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. साहेबांची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा उतारावर जाऊन बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. रफिकने चारी चाकं एकेक करून जॅकवर उचलली. साहेब हाताने चाक फिरवायचे आणि कान लावून ऐकायचे. चाक कितीतरी वेळ सळसळत फिरत राहायचं.

"साहेब, मख्खन फिरून राह्यलं," रफिक म्हणायचा. "याच्यापेक्षा मोकळं केलं तं निघून चाल्लं जाईल."

"मंग रस्त्यावर काऊन धरते?"

मागचे ब्रेक उघडून साफ केले. पुढच्या ब्रेकच्या पिना काढून ग्रीस लावलं. बेरिंग बदलले, गिअरचं तेल बदललं. दर वेळी उतार, दर वेळी रेघ लांबच. फेरी झाली की साहेब खाली उतरून चाकाजवळ हाताची पाठ धरायचे. चाक गरम लागायचं. एक नाही, चारी. म्हणजे ब्रेक धरत होते हे नक्की. जॅकवर घेतलं की मात्र चारी चाकं मोकळी.

"चारी चाकं एकदम कशी धरतीन साहेब?" रफिक डोकं खाजवत म्हणाला. त्याने वाकून ब्रेकचं पेडल हाताने दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. ते झटकन वर येत होतं. "पेडल बी बराबर हाय. मले तं जादूच दिसते."

साहेबांना जादू वगैरे आवडत नसे. ते त्या दिवसांत चिडचिडे झाले. जेवताना पानावरून उठून गाडीपाशी जाऊन उभे राहायचे. याच सुमारास एका संध्याकाळी ते माझ्याकडे चहाला आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी गल्लीच्या मध्यावर पडलेली. आम्ही घरादाराने हसून घेतलं. "साहेब, चपलेला पण धरून राह्यलं का कुठं?" असं मी म्हणालो. तेही हसले. मागून नलिनीकाकू, त्यांच्या पत्नी, ती चप्पल हातात घेऊन आल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चप्पल साहेबांच्या पायापुढे ठेवली आणि पाय नीट आत जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

मग बाजारात तो प्रकार घडला. आठवडी बाजाराचा दिवस, गर्दी, आणि साहेबांची गाडी कोपऱ्यावर थांबायच्या ऐवजी एकदम पुढे उसळली. केळ्यांची हातगाडी आडवी झाली. केळीवाला बाजूला बिडी पेटवत होता म्हणून वाचला. लोक जमले, आरडाओरड झाली, साहेबांनी केळ्यांची भरपाई केली. पण सगळ्यांना ते एकच सांगत होते, "ब्रेक अडकून राह्यले होते, एकदम सुटले." आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. मला त्या दिवशी भीती वाटली. हातगाडीच्या जागी माणूस असता, हे माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखे काकूंना घेऊन साखरखेर्ड्याला त्यांच्या माहेरी गेले, आणि ते सुखरूप परत येईपर्यंत माझं दुकानात लक्ष नव्हतं.

त्या रविवारी मी स्कूटर घेऊन त्यांच्या मागोमाग उतारावर गेलो. माथ्यावरच्या दगडापासून गाडी सुटली आणि मी बघतो तो मागचे दोन्ही ब्रेकचे लाल दिवे लागलेले. सबंध उतारभर लागलेले, थेट थांबेपर्यंत. मी सांगितलं तेव्हा साहेबांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"मंग तेच तं! ब्रेक लागूनच हाय तिचा. नाहीतर स्विच खोटं बोलून राह्यला. पह्यले स्विच बदलू."

रफिकने नवा स्विच बसवला. जागेवर उभ्या गाडीत पेडल दाबलं की दिवा लागत होता, सोडलं की विझत होता. पुढच्या रविवारी रफिकही माझ्या स्कूटरवर मागे बसून आला. गाडी सुटली. दिवे लाल. रफिकने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शेठ, गाडीचं काही नाही. साहेबाचा पाय हाय तो."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय पेडलवर टेकून राह्यला त्याइचा. त्याइलेच मालूम नाही."

"मग सांग ना त्यांना."

"तुमी सांगा," रफिक म्हणाला. "मले गाडीचं सांगता येते."

मलाही सांगता येईना. चार दिवस घोळवत राहिलो आणि शेवटी साहेब घरी नाहीत असं बघून नलिनीकाकूंकडे गेलो. त्या अंगणात मेथी निवडत होत्या. मी दिव्यांचं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"साखर हाय ना त्याइले. डॉक्टर बोलला होता, तळव्याले काही समजनार नाही, जपा म्हणून. रोज आंघोळ झाली की मी पाय पाह्यतो त्याइचे. कधी काटा घुसेल राह्यते, कधी खडा. त्याइले पत्ताच नसते."

"साहेबांना हे माहीत आहे?"

"मालूम हाय, पण मानत नाहीत. म्हनतात, माह्या बोटाले तराजूचा काटा समजते, अन् पायाले पेडल समजनार नाही का?"

"काकू, गाडी काढून घ्या त्यांच्याकडून. एखाद दिवशी कुणाचा तरी जीव जाईल."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी काढून घेतली तं घरात उरन काय त्या मानसाचं? म्हणून मी बाजूले बसतो. निदान थांबा तं म्हनता येते."

मला त्या बाईंचा राग आला आणि कीवही आली. काहीच न ठरवता मी घरी आलो.

ठरवलं ते साहेबांनीच. वैशाख आला होता. एका दुपारी, दुकान अर्धं ओढून मी जेवायला निघालो तर पायरीसमोर गाडी. साहेब काच खाली करून म्हणाले, "शेठ, बसा."

"या उन्हात?"

"रेघ मारली तवा असंच ऊन होतं. डांबर असंच तापेल होतं, तेल असंच पातळ होतं. बरोबरी करायची तं सारखं सारखं पायजे." मी चपला काढून बसलो. थोडं पुढे गेल्यावर ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "हवा बदलली, तेल बदललं, बेरिंग झाले, स्विच झाला. एकेक करून समदं बदललं. एक राह्यलं."

"कोणतं?"

"चालवणारा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते घाईघाईने पुढे म्हणाले, "तुमचा पाय जड हाय. तुमी माह्यापेक्षाही अलीकडेच थांबान, पाहा. मंग तं गाडीतच दोष हाय हे पक्कं झालं ना? रफिक्या मंग काय बोलते पाहू."

त्यांना काय हवं होतं ते अगदी उघड होतं. रेघेपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि लगबगीने उतरले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या स्टिअरिंगवर बसायला मिळालं. मी गाडी वर नेली, वळवली, दगडाशी लावली. खाली लांब, उन्हात, ते रेघेच्या टोकाशी उभे होते. सावलीसाठी लिंबाखालीसुद्धा गेले नव्हते.

न्यूट्रलला टाकून मी गाडी सोडली. तिने हळूहळू वेग घेतला. उतारावर निम्म्यात आलो असेन तेव्हा माझ्या मनात आलं, नुसता अंगठा टेकवला पेडलवर तर? गाडी अलीकडे थांबेल. हा माणूस आनंदाने घरी जाईल, उद्या पुन्हा रफिककडे जाईल, पुढच्या रविवारी पुन्हा रेघेला येईल. कुणाला कळणार आहे? खरं सांगतो, माझा पाय पुढे गेला होता. मग ती केळ्यांची हातगाडी डोळ्यांपुढे आली, बाजूला बसून डाव्या हाताने दार घट्ट धरणाऱ्या काकू आल्या. मी पाय मागे ओढून सीटखाली घेतला आणि देवाचं नाव घेतलं. काय मागावं ते मात्र सुचलं नाही.

उतार संपला, सपाटी आली. गाडी मंदावत गेली, आणखी मंदावली, आणि पुढची चाकं बरोबर रेघेवर येऊन थांबली.

साहेबांनी दोन्ही हात बॉनेटवर आपटले. "पाह्यलं? पाह्यलं का शेठ? मी काय म्हणत होतो! काही नाही गाडीले! रेघेवर आली, पार रेघेवर!" ते इतके हसत होते की मलाही हसू आलं. दार उघडून मी खाली पाय टेकवला आणि ओरडून पुन्हा वर घेतला. माझ्या चपला आत, वर्तमानपत्रावर होत्या. डांबर तव्यासारखं तापलं होतं. मी एक पाय टेकवी, तो उचली, दुसरा टेकवी, शेवटी दार धरून तसाच सीटवर बसलो.

"काऊन नाचून राह्यले?" साहेब हसत म्हणाले.

"अहो, पाय भाजला साहेब. टेकवत नाही."

त्यांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या चपला माझ्या चपलांच्या शेजारी, आतच होत्या. मी गाडी वर नेली, वळवली, खाली आणली, तेवढा सगळा वेळ ते त्या डांबरावर अनवाणी उभे होते. रेघेशेजारी, स्थिर.

त्यांनी बॉनेटला धरून एक पाय उचलला आणि वळवून तळवा पाहिला, एक डोळा मिटून, माझा मीटर पाहिला होता तसा. मग दुसरा पाहिला. मी माझ्या चपला पायात सरकवून त्यांच्या चपला घेऊन पुढे झालो. त्या त्यांनी घातल्या नाहीत, हातात घेतल्या. गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडून बसले. मी स्टिअरिंगवर परत बसलो.

"चाला," ते म्हणाले. "हळू घ्या."

तळव्यांना मोठाले फोड आले. इथल्या दवाखान्यात बरेच दिवस पट्ट्या झाल्या, जखम हटेना, शेवटी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. गाडीची किल्ली त्यांनी काकूंच्या हातात दिली होती आणि त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मी भेटायला गेलो की राजकारणावर बोलायचे, जे ते आधी कधी बोलत नसत.

सुषमा त्यांना मेहकरला न्यायला आली. सामान साहेबांच्याच गाडीत गेलं, काकू मागच्या सीटवर बसल्या. साहेबांनी डाव्या बाजूच्या दारात चप्पल काढली, एकच, कारण दुसऱ्या पायाला पट्टी होती. सुषमानेही चपला काढल्या आणि वर्तमानपत्रावर ठेवल्या. तिचे डोळे लाल होते. तिच्या पायाबद्दल साहेब काही बोलले नाहीत. मला त्यांनी खुणेने खिडकीशी बोलावलं.

"शेठ, मागं उभे राहा जरा. लाल कुठी लागते ते पाहा."

आमची गल्ली थोडी उताराची आहे. सुषमाने गाडी हलवली, मग बहुधा सोडून दिली, कारण इंजिनचा आवाज बसला आणि गाडी आपली आपण खाली जाऊ लागली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून मागचे दिवे बघत होतो. शाळेच्या भिंतीपर्यंत ते लागले नाहीत. पिठाच्या गिरणीपर्यंत लागले नाहीत. वळण जवळ आलं तेव्हा डाव्या खिडकीतून साहेबांचा हात बाहेर आला. पंजा उघडा होता, विचारत होता.

मी हात उंच करून हलवला. नाही, लागला नाही.

त्यांना आरशात दिसलं असावं. हात आत गेला, आणि मग वळणावर दिवे लागले.